दक्षिणेत आधी कोण राहत होतं?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. नोकरीमुळे गेली तीन वर्षं मुक्काम कोइमतूरला आहे. हवा स्वच्छ असली की गच्चीवरून एका बाजूला निलगिरीची भिंत दिसते, दुसऱ्या बाजूला अनामलैचे डोंगर, आणि मधे सगळं मोकळं. ते मोकळं म्हणजे पालक्काडची खिंड, आपण जिला पालघाट म्हणत आलो. जूनमध्ये केरळात पाऊस लागला की त्या खिंडीतून वारा असा घुसतो की दोरीवरचे कपडे चिमट्यांसकट शेजारच्या गच्चीत जाऊन पडतात. पाऊस मात्र बहुतेक पलीकडेच राहतो. आमच्या वाट्याला खरा पाऊस येतो तो दिवाळीच्या आगेमागे, पूर्वेकडून.

गेल्या महिन्यात कोटागिरीला जाताना गाडीत एक विषय निघाला. पालक्काडच्या एक सहकारी म्हणाल्या, "तोडा हे इथले मूळ लोक." गाडी चालवणारे अण्णा इरुळ समाजाचे, आनैकट्टीकडचे. एरवी मोजकंच बोलतात. ते म्हणाले, "तोडा वरचे. मधल्या उतारावर कुरुंब. खालचं रान आमचं. मूळ कोण ते तुम्ही किती उंचीवर उभे आहात त्यावर ठरतं."

ते वाक्य डोक्यातून जात नाही. शाळेत आपण सिंधू संस्कृती शिकलो, मग वेदकाळ, मग मौर्य. विंध्याच्या खाली थेट सातवाहन. हडप्पात लोक भाजलेल्या विटांची घरं बांधत होते तेव्हा इकडे कोण होतं? काय खात होते? माझं मत असं झालंय की आधी तिथले डोंगर, खिंडी आणि पाऊस बघितल्याशिवाय दक्षिणेतली माणसं कळणारच नाहीत. जाणकारांनी लिहावं, आणि जाणकार नसाल तरी पाहिलेलं लिहा.

अनवाणी

अण्णांना नमस्कार सांगा. वाचतोय.

खडकवेडा

माझ्या आवडीचा विषय, थोडं लांब लिहितो.

आपल्याकडचा सह्याद्री बेसॉल्टचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा थरावर थर साचला, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि किल्ल्यांना कातळकडे. बेळगाव ओलांडलं की हा काळा दगड संपत जातो. त्याखाली उघडा पडतो तो भारतातल्या सर्वांत जुन्या खडकांपैकी एक, अडीच-तीन अब्ज वर्षांचा पट्टेरी नाइस. बल्लारी, हंपी, कोप्पळकडचे गोलसर ग्रॅनाइटचे धोंडे पाहिले असतील, तेही फार जुने. माती पण बदलते, काळी जाऊन तांबडी येते.

निलगिरी आणि अनामलै या मोठमोठ्या उचललेल्या लाद्या समजा. दोड्डबेट्टा २६३७ मीटर, अनामुडी २६९५ मीटर. अनामुडी हे दक्षिण भारतातलं सर्वांत उंच शिखर. कळसूबाई १६४६. पालक्काडची खिंड ३०-४० किलोमीटर रुंद, पृथ्वीच्या कवचातल्या एका अतिप्राचीन कमकुवत पट्ट्यावर. बोरघाटात इंजिनाला धाप लागते, पण पालक्काडच्या खिंडीतून रेल्वे घाट न चढता सपाटीने समुद्राकडे जाते. तापीपासून कन्याकुमारीपर्यंतच्या सुमारे १६०० किलोमीटरच्या भिंतीला एवढं मोठं दार दुसरं नाही. माणसं, बैल, व्यापार, सगळं त्यातूनच ये-जा करणार.

एक गंमत सांगतो. निलगिरीच्या या करड्या-निळसर खडकाचं नाव चार्नोकाइट. कोलकात्यात जॉब चार्नोक या इंग्रज व्यापाऱ्याच्या थडग्यावरची शिळा या खडकाची आहे, म्हणून ते नाव. ती शिळा गेली होती मद्रासजवळच्या पल्लावरम भागातून. आणि त्याच पल्लावरमला ३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाला दगडाची एक हातकुऱ्हाड मिळाली. भारतातल्या अश्मयुगाचा शोध तिथून सुरू झाला. फूट आला होता खडकांचे नकाशे करायला.

माळरान

खडकवेडा, पल्लावरमचा धागा पुढे नेतो. मी पुरातत्त्व शिकलो, पोटासाठी दुसरं करतो, पण दोन हंगाम उत्खननावर काम केलंय.

फूटला त्याच वर्षी, विल्यम किंगबरोबर, चेन्नईच्या वायव्येला साधारण ६० किलोमीटरवर अत्तिरमपाक्कम सापडलं, कोर्तलैयार नदीच्या खोऱ्यात. तिथे पुरातत्त्वज्ञ शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी पुन्हा खोदलं. २०११ साली त्यांनी जे वय जाहीर केलं ते कमीत कमी १० लाख आणि सरासरी १५ लाख वर्षं. म्हणजे आपल्या प्रजातीचा माणूस जन्माला येण्याच्याही कितीतरी आधी तिथे कुणीतरी क्वार्टझाइटचे गोटे फोडून कुऱ्हाडी घडवत होतं. २०१८ साली त्याच जागेवरून पुढच्या टप्प्याची, छिलक्यांची बारीक हत्यारं ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वीची निघाली.

हातकुऱ्हाड कधी हातात घेऊन बघा. मी पहिल्यांदा घेतली तेव्हा उजव्या हातात नीट बसेना, एक कड तळव्याला टोचत होती. बरोबरच्या मुलीने डाव्या हातात घेतली आणि ती जागच्या जागी बसली, अंगठ्याखाली गुळगुळीत खळगा. बनवणारा डावरा होता की कसं, माहीत नाही. पण त्या दिवसापासून 'अश्मयुगीन मानव' हा शब्द मला पुस्तकी वाटेनासा झाला.

दुसरी जागा ज्वालापुरम, आंध्रात, कर्नूलकडची. सुमात्रातला टोबा ज्वालामुखी सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी फुटला, त्याची राख वाऱ्याने भारतभर पडली. ज्वालापुरमला तिचा जाड पांढरा थर आहे. भांडी घासायच्या पावडरीसाठी लोक ती खणून नेत. त्या थराच्या खाली दगडी हत्यारं मिळाली आणि वरही मिळाली, आणि दोन्हींत फारसा फरक नाही. २००७ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे आभाळ काळवंडलं, झाडझाडोरा गेला असेल, तरी माणसं टिकून राहिली.

कुकडीकर

माळरान, ही राख आमच्याकडे पण आहे! जुन्नर तालुक्यात बोरी, कुकडीच्या काठाला. लहानपणी नदीत पोहायला जायचो तेव्हा दरडीत तो फिकट थर दिसायचा, हाताने चोळला की पिठासारखा. आम्ही तोंडाला फासून भुतं व्हायचो. कॉलेजला गेल्यावर कळलं की डेक्कन कॉलेजची माणसं त्यासाठी येतात.

माळरान

@कुकडीकर, बरोबर. बोरीची राख आणि कऱ्हेकाठच्या मोरगावची पण. बोरीच्या राखेच्या वयावर मात्र बरीच वर्षं वाद आहे. काहींच्या मते ती टोबाच्या याच उद्रेकाची, काहींना ती कितीतरी जुनी वाटते. तिच्यालगत दगडी हत्यारं आहेत, म्हणून वय ठरणं महत्त्वाचं.

ठाम_मत

एवढं सगळं वाचून एकच सिद्ध होतं. द्रविड हे मूळचे आणि बाकी सगळे बाहेरचे. उगाच गोल गोल कशाला फिरायचं?

गोदातीर

ठाम_मत, काहीही. दक्षिणेत संस्कृती नेली अगस्तींनी, हे तमिळ लोकच सांगतात. पोदिगै डोंगरावर त्यांचं स्थान आहे, ताम्रपर्णी तिथूनच उगम पावते.

ठाम_मत

म्हणजे अगस्ती यायच्या आधी तिथे कुणी नव्हतंच? ताम्रपर्णी वाहत होती ती कुणासाठी?

व्यवस्थापक

दोघांनाही विनंती, धागा माहितीचा आहे. आर्य-द्रविड कुस्तीसाठी जुने तीन धागे आहेत. इथे पाहिलेलं आणि अभ्यासलेलं लिहा.

शब्दवेडी

व्यवस्थापकांचं ऐकून भांडण नाही, भाषेपुरतं लिहिते, कारण 'द्रविड' शब्दावर सगळं अडतंय.

द्रविड हे आज आपण ज्या अर्थाने म्हणतो ते भाषाकुळाचं नाव आहे. तमिळ, तेलुगू, कन्नड यांचं कूळ वेगळं हे फ्रान्सिस एलिसने १८१६ साली मांडलं आणि काल्डवेलने १८५६ साली ते नाव रूढ केलं. भाषा माणूस बदलतो, हाडं बदलत नाहीत. लाखो वर्षांपूर्वी तिथे जो कुणी दगड फोडत होता तो काय बोलत होता हे कुणीच सांगू शकत नाही, त्यामुळे त्याला द्रविड म्हणणं आणि आर्य म्हणणं सारखंच चूक. जनुकांचा अभ्यासही (२००९ आणि २०१९ चे मोठे शोधनिबंध) हेच सांगतो की आज भारतात जवळजवळ सगळेच मिश्र आहेत. सर्वांत जुना थर काश्मीरपासून केरळपर्यंत सगळ्यांत आहे, प्रमाण कमीजास्त. दक्षिणेतल्या काही आदिवासी समाजांत तो जास्त.

आणि द्रविड भाषा म्हणजे फक्त दक्षिण असंही नाही. गडचिरोलीची गोंडी, यवतमाळची कोलामी या द्रविड भाषा आहेत. ब्राहुई थेट बलुचिस्तानात. बुलढाण्यात जळगाव जामोदकडे निहाली बोलतात, ती तर कुठल्याच कुळात बसत नाही.

आता आपल्या तोंडातलं बघा. 'आम्ही जातो' आणि 'आपण जाऊ' यात फरक आहे. एकात समोरचा नाही, दुसऱ्यात आहे. हिंदीत हा फरक नाही, 'हम' एकच. तमिळमध्ये आहे, 'नांगळ्' म्हणजे आम्ही आणि 'नाम्' म्हणजे आपण. ही सवय आपल्याकडे शेजारच्या द्रविड भाषांतून आली असं अभ्यासक मानतात. तेव्हा ते आणि आम्ही अशी वाटणी करताना आपण ज्या शब्दाने 'आम्ही' म्हणतो त्याचं वळणच तिकडचं आहे, हे लक्षात असू द्या.

अनवाणी

शब्दवेडी, हा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवतो. आईला वाचून दाखवला, ती म्हणाली, "'आपण' भांडी घासू म्हणजे मीच घासायची, हे पण तमिळमधून आलं का ते विचार."

हुरळी

मी बंगळूरची, माहेर बल्लारीकडचं. पाऊलवाट यांनी विचारलं होतं की हडप्पाच्या वेळी इकडचे लोक काय खात होते. त्याचं उत्तर माझ्या सदस्यनामात आहे.

हुरळी म्हणजे आपले हुलगे, कुळीथ. तमिळ कोळ्ळु, तेलुगू उलवलु, मल्याळम मुदिरा. आमच्या गावाजवळ संगनकल्लूच्या टेकड्या आहेत, तिथल्या नवाश्मयुगीन वस्त्यांच्या मातीतून जळलेले दाणे पाण्यात तरंगवून वेगळे काढले. काय निघालं? हुलगे, मूग आणि दोन प्रकारची बारीक तृणधान्यं, राळ्याच्या नात्यातली. गहू-जव आले ते नंतर आणि थोडे. म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकात सिंधूकाठी गव्हाची रास लागत होती तेव्हा इकडे तांबड्या मातीत, कमी पावसात, हुलगे आणि मूग पिकत होते. ही शेती दख्खनच्या लोकांनी इथल्या रानातूनच उभी केली असं मानतात. पाऊस जून ते सप्टेंबर, म्हणून पिकंही खरिपाची. हडप्पाचा गहू रब्बीचा. भूगोल बघा म्हणता ना, तो ताटात दिसतो.

दुसरी गोष्ट राखेचे ढिगारे. टोबाची राख वेगळी, ही शेणाची. गुरांच्या गोठणीतलं शेण वर्षानुवर्षं साठवून पेटवायचे, इतक्या आचेने की काही ठिकाणी ते वितळून काचेसारखं झालंय. उटनूर, कुपगल, बुदिहाळ अशा कितीतरी जागा रायचूर-बल्लारीच्या आसपास आहेत. हंपीजवळ निंबापूरला असाच ढिगारा आहे, लोक म्हणतात वालीचं दहन इथे झालं. ही शेणाची राख आहे हे ओळखणारा पुन्हा तो फूटच. का जाळत असतील यावर मतं अनेक आहेत. सण असेल, रोगराईनंतर गोठण शुद्ध करणं असेल, नुसती साफसफाई असेल. बुदिहाळचं उत्खनन पुरातत्त्वज्ञ पद्दय्या सरांनी केलं, तिथे ढिगाऱ्यालगत वस्तीही होती.

कुपगलला एक टेकडी आहे, तिच्यावर वाजणारे दगड आहेत. काळ्या डोलेराइटच्या शिळा, खळगे पडलेले. लहान गोटा घेऊन त्या खळग्यात मारला की टण्ण असा घंटेसारखा आवाज येतो. वडिलांनी मला सातवीत असताना नेलं होतं. ते म्हणाले, "हळू मार, चार हजार वर्षं वाजतोय." बाजूच्या खडकांवर बैल कोरलेत, लांब शिंगांचे, वशिंडाचे. त्या लोकांचं सगळं आयुष्य गुरांभोवती होतं ते तिथे उभं राहिलं की कळतं. दुर्दैवाने त्या टेकडीवर खडी काढायचं काम चालायचं. प्रत्येक वेळी जाताना जीव धाकधूक करायचा की तो दगड जागेवर असेल ना.

मिरची_भाकर

हुलग्याचं माडगं हा हडप्पाकालीन पदार्थ आहे हे आज सासूबाईंना सांगितलं. त्यांची मान चार इंच उंच झाली.

जुनापाणी

नागपूरहून लिहितोय. दक्षिणेतल्या थडग्यांचा विषय येईल म्हणून थांबलो होतो, कुणी काढत नाही म्हणून मीच काढतो.

शहराबाहेर काटोल रस्त्याला जुनापाणी आहे. माळावर मोठमोठ्या दगडांची वर्तुळं, अशी शेकडो. आत माणसं पुरलेली, बरोबर लोखंडाच्या कुऱ्हाडी, भांडी, काही ठिकाणी घोडे आणि घोड्यांचे अलंकार. माहूरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा, सगळी विदर्भात. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली. ही पद्धत दक्षिणेत सगळीकडे आहे, फक्त रूप बदलतं. कोप्पळजवळ हिरेबेणकलला दगडी फळ्यांची घरंच्या घरं, केरळात छत्रीसारखे दगड, तमिळनाडूत मातीचे मोठे रांजण. जिथे जसा दगड तसं थडगं. खडकवेडा यांनी सांगितलेला नाइस सरळ फळ्यांत निघतो म्हणून तिथे घरं झाली, आमच्याकडे गोटे म्हणून वर्तुळं. हा माझा अंदाज, चुकत असेन तर सांगा.

खडकवेडा

@जुनापाणी, अंदाज बराचसा पटतो. केरळातल्या छत्र्या जांभ्याच्या आहेत. जांभा ओला असताना कापायला सोपा, कोकणात चिरे काढतात तसाच.

कावेरीकाठ

मी लग्नानंतर तंजावूरला आले, सासरचं घराणं तंजावूर मराठी. घरी आम्ही जी मराठी बोलतो ती तुम्हाला अर्धीच कळेल, पण तो वेगळा धागा.

जुनापाणी यांनी रांजणांचा उल्लेख केला ते आदिच्चनल्लूर. ताम्रपर्णीच्या काठी, तूत्तुकुडी जिल्ह्यात. १८७६ साली तिथलं पहिलं खोदकाम झालं, मग १८९९ पासून अलेक्झांडर रीने काही वर्षं केलं. शंभर एकरांहून मोठं दफनस्थान आहे. आता तिथे जागेवरच संग्रहालय केलंय, खड्ड्यावर जाड काच घातली आहे आणि खाली रांजण जसेच्या तसे. आम्ही गेलो तेव्हा सासूबाईंनी काचेवर पाय ठेवायच्या आधी चपला काढल्या. पहारेकरी म्हणाला, अम्मा, गरज नाही. त्या म्हणाल्या, "खाली माणसं झोपलीत." मग आमच्या मागच्या सगळ्या रांगेने चपला काढल्या.

पाऊलवाट यांचे अण्णा जे म्हणाले ना, ते इथे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कवींनी बांधून ठेवलंय. जुन्या तमिळ कवितेत जमीन पाच प्रकारची. कुरिंजी म्हणजे डोंगर, मुल्लै म्हणजे कुरणं आणि रान, मरुदम म्हणजे शेतीची ओली जमीन, नेय्दल म्हणजे समुद्रकाठ, आणि पालै म्हणजे उन्हाने करपलेलं. प्रत्येकाला फूल, देव, धंदा, वेळ, आणि प्रेमाची एक अवस्था. डोंगरात भेट, कुरणात वाट पाहणं, शेतात रुसवा, समुद्रकाठी झुरणं, करपलेल्या वाटेवर ताटातूट. डोंगरात मध गोळा करणारे, रानात गुराखी, सपाटीला शेतकरी, किनाऱ्याला कोळी आणि मीठ काढणारे. एकच 'दक्षिण' नव्हतीच.

ते कुरिंजी फूल म्हणजे आपल्या कारवीची बहीण. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते, नीलकुरिंजी बारा वर्षांनी. २००६ ला फुलली, २०१८ ला फुलली, आता २०३०. पळियर आदिवासी तिच्या बहरावरून वय मोजत असं सांगतात. म्हणजे मी जेमतेम साडेतीन कुरिंज्यांची.

गोदातीर

कावेरीकाठ, सुंदर प्रतिसाद. मी वर अगस्तींचं लिहिलं ते कथा म्हणून धरा, त्या कथेला तिथे मान आहे एवढंच म्हणायचं होतं. शिवगळैच्या लोखंडाबद्दल कुणी सांगेल का? ती बातमी वाचल्यापासून उत्सुकता आहे.

माळरान

@गोदातीर, शिवगळै आदिच्चनल्लूरपासून जवळच आहे. तमिळनाडू सरकारने जानेवारी २०२५ मध्ये अहवाल जाहीर केला, त्यात तिथल्या लोखंडाचा काळ इ.स.पू. ३३४५ पर्यंत मागे नेला आहे. त्याआधी मयिलाडुम्पारैचा इ.स.पू. २१७२ आला होता. खरं ठरलं तर लोखंडाचा जगाचा इतिहास बदलेल. मला आनंद आहेच, पण शिकवलेली सवय जात नाही. एकाच रांजणातल्या कोळशाचं वय आणि लोखंडाचं वय एकच हे आणखी जागांवरून पक्कं व्हायला हवं.

आणि जाता जाता, पाऊलवाट तुमच्या अगदी जवळ, नोय्यल नदीवर कोडुमणल आहे. तिथे मोठ्या दगडांची थडगी, मण्यांचे कारखाने, लोखंड-पोलादाच्या भट्ट्या. तुमच्या त्या खिंडीतून मलबारच्या बंदराकडे जाणाऱ्या वाटेवरच. कोइमतूर भागात रोमन नाणी सापडतात ती त्या वाटेमुळे.

रानवाटा

निलगिरीवर सहा वर्षं शिक्षिका म्हणून काम केलं. अण्णांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि त्यात एक भर घालते.

दोन हजार मीटरच्या वर गवताळ माळ, खोलगटीत शोला नावाची ठेंगणी दाट जंगलं. तिथे तोडा, लांब शिंगांच्या म्हशी घेऊन. कोतांची सात गावं, ते कुंभार, लोहार, आणि वाजंत्री. उतारावर कुरुंब, मध गोळा करणारे, आणि बाकीचे त्यांच्या जादूटोण्याला बिचकून असत. त्याखाली इरुळ. काही शतकांपूर्वी म्हैसूरच्या पठारावरून बडगा आले, शेतकरी. नावाचाच अर्थ उत्तरेकडचे. तोडांचं तूप, कोतांची मडकी आणि कोयते, कुरुंबांचा मध, बडगांचं धान्य, पैशाशिवाय सगळं फिरायचं. तोडाच्या घरात कुणी वारलं तर कोत वाजंत्री हवेतच. प्रत्येकाची भाषा वेगळी, सगळ्या द्रविड कुळातल्या.

तोडांचं जुनं घर अर्ध्या पिंपासारखं, वेत-बांबूचं, वर गवत. दार इतकं लहान की ओणवं होऊनच आत जावं लागतं. एका आजींनी मला आत बोलावलं. आत अंधार, धुराचा वास, आणि ताकाचा. त्या पांढऱ्या जाड कापडावर लाल-काळ्या दोऱ्यांनी भरतकाम करत होत्या, आराखडा न काढता, फक्त धागे मोजत. मी विचारलं, किती मोजलेत? त्या म्हणाल्या, बोलू नकोस, विसरेन.

१८१९ मध्ये कोइमतूरचा कलेक्टर सलिव्हन वर गेला आणि पुढे उटी वसली. मग चहा, निलगिरीची झाडं, वॅटल. गवताळ माळ गेले तशा म्हशी गेल्या. आज तोडा दोन हजारांच्या आसपास आहेत. आणि 'मूळ' म्हणाल तर डोंगरमाथ्यांवर दगडांची जुनी थडगी आहेत, ब्रीक्स नावाच्या अधिकाऱ्याने १८७० च्या दशकात खोदली, त्यात प्राणी बसवलेल्या झाकणांची अप्रतिम भांडी निघाली. ती कुणाची, हे आजही वादात आहे. वरच्यांच्याही आधी वर कुणीतरी होतं.

चिंचेचं_झाड

वायनाडमध्ये राहते. एडक्कलला या सगळ्यांनी जरूर या. नाव गुहा, पण ती दोन प्रचंड खडकांमधली फट आहे, वर तिसरा अडकलेला. आतल्या भिंतींवर खोल कोरलेल्या माणसांच्या, प्राण्यांच्या आकृत्या, डोक्यावर मोठा शिरपेच असलेले पुरुष. तिसऱ्या प्रहरी वरून ऊन आत येतं तेव्हाच नीट दिसतात.

पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. त्या डोंगराखाली पणिय समाज राहतो, जिल्ह्यातला सर्वांत मोठा आदिवासी समाज. नावाचा अर्थच काम करणारा. पूर्वी वळ्ळियूरकावूच्या जत्रेत जमीनदार वर्षभरासाठी त्यांची बोली करत. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली बंद झाली. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची आई त्या जत्रेत उभी राहिलेली आहे. मूळ लोक म्हणून आपण कौतुकाने लिहितो, पण मूळ लोकांच्या नावावर जमीन किती, तेही विचारावं. इरुळांकडे बघा. साप पकडण्याची त्यांची विद्या, तिच्यावर १९७८ साली सहकारी संस्था उभी राहिली आणि देशातल्या सर्पदंशावरच्या प्रतिविषासाठी लागणारं विष मोठ्या प्रमाणात तिथून जातं. २०२३ मध्ये त्या समाजातल्या दोघांना पद्मश्री मिळाली. जमिनीचा कागद असो नसो, त्यांच्या ज्ञानावर आपले जीव वाचतात.

ठाम_मत

चिंचेचं झाड, हे वाचून गप्प झालो. वर जे लिहिलं ते घाईत लिहिलं होतं. एडक्कलला जायला महिना कोणता बरा?

चिंचेचं_झाड

डिसेंबर-जानेवारी. सकाळी लवकर या, चढ आहे.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल अण्णांना धागा वाचून दाखवला, म्हणजे तमिळमध्ये सांगितला. अत्तिरमपाक्कमचे पंधरा लाख त्यांनी शांतपणे ऐकले. इरुळांच्या संस्थेचं ऐकून म्हणाले, त्यात त्यांचा मावसभाऊ आहे. हुलग्यांवर मात्र उठून बसले. आज सकाळी मला घरी घेऊन गेले. त्यांच्या आत्या वाडीमागे टोकदार काठीने रानकंद खणत होत्या. काठीचं टोक आगीत भाजून कडक केलेलं. कंद काढला, वेलाकडचा वीतभर तुकडा तोडला आणि परत त्याच खड्ड्यात ठेवून माती लोटली, पायाने दाबली. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? त्यांना प्रश्नच कळला नाही. अण्णा म्हणाले, "पुढच्या वर्षी खायला नको का?"

मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे डोंगर आहेत का? फोनवर कारवीचा फोटो दाखवला, भीमाशंकरचा. आत्या बराच वेळ बघत राहिल्या आणि फुलाला बोट लावून म्हणाल्या, "हे आमचं."

डिसेंबरात पुण्याला येतोय. कुकडीकर, बोरीचा तो थर दाखवाल का? अण्णा पण येतो म्हणतात. त्यांनी अजून सह्याद्री पाहिलेला नाही.

कुकडीकर

या की! पाणी उतरलेलं असेल, दरड पूर्ण उघडी असते. फक्त हात लावायचा नाही आणि काही उचलायचं नाही, एवढं पाळा. मुक्काम आमच्याकडे.

माळरान

मी येतो. शनिवार धरा.

हुरळी

बंगळूरहून रात्रीच्या गाडीने येईन.

मिरची_भाकर

हुलग्याचं माडगं माझ्याकडून. किती माणसं ते आधी सांगा.